धर्माबादचे स्थानक आणि तरुणांच्या हातातील रुपया

१/
मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर मुदखेड मागे पडले की उमरी येते, नंतर धर्माबाद आणि त्यापुढे तेलंगणातील बासर. लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे धर्माबाद हे नांदेड जिल्ह्याच्या अगदी कडेचे लहान शहर. राज्याच्या इतिहासात त्याचे नाव क्वचितच येते. परंतु तरुणांच्या हातातील रुपया कोणाच्या इच्छेने खर्च होतो, या प्रश्नाचा सव्वाशे वर्षांचा प्रवास पाहायचा असेल, तर या स्थानकाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. हा धागा त्या प्रवासाचा.

२/
प्रचलित समजूत अशी की, चंगळवाद १९९१ नंतर आला. त्याआधीची विद्यार्थिपिढी साधी, काटकसरी आणि ध्येयवादी होती. या समजुतीत थोडे तथ्य आहे आणि बरीच गफलत. साधेपणा कधी विचारपूर्वक स्वीकारलेला होता, कधी टंचाईने लादलेला, तर कधी जातीच्या बळावर दुसऱ्यावर थोपलेला. या तीन साधेपणांत फरक न करता आजच्या तरुणांना नावे ठेवली, तर निवाडा सोपा होतो आणि इतिहास हातचा निसटतो.

३/
प्रारंभ रुळांपासून. निजामाच्या राज्यातील हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे हा मीटरगेज मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. मराठवाड्याचा कापूस, गळिताची धान्ये आणि इतर शेतमाल एका बाजूने बाहेर जाऊ लागला, दुसऱ्या बाजूने गिरणीचे कापड, रॉकेल, काड्यापेट्या, काचसामान आत येऊ लागले. योगायोग असा की, याच १८९९ साली अमेरिकेत थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाचा ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गरज भागविण्यासाठी होणारा खर्च आणि प्रतिष्ठा दाखविण्यासाठी होणारा खर्च यांतील भेद त्याने मांडला. हा भेद पुढच्या सगळ्या कथेत उपयोगी पडतो.

४/
रेल्वेपूर्वी मराठवाड्यातील खेडे बाजारापासून अगदी तुटलेले होते, असे नाही. आठवडी बाजार होते, जत्रा होत्या, सावकाराचे दुकान होते. तथापि बहुतेकांच्या अंगावरचे कापड आणि पायातले जोडे गावाच्या किंवा पंचक्रोशीच्या कारागिराने केलेले असत. कोणी काय ल्यावे, काय नेसावे हे खिसा ठरवी, त्याहून अधिक जात ठरवी. रेल्वेने आणलेल्या वस्तूचा करणारा कोण, हे घेणाऱ्याला ठाऊक नसे. अनोळखी हातांनी केलेली, ठरावीक छापाची, पैसे टाकताच कोणालाही मिळू शकणारी वस्तू ही त्या समाजात नवीनच गोष्ट होती. तिच्यात मोहही होता आणि मोकळीकही.

५/
इच्छा आपोआप उगवत नाही, तिची लागवड करावी लागते. याचे ठळक उदाहरण चहा. १९०३ साली कायद्याने चहावर उपकर बसविण्यात आला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार होऊ लागला. पुढे या समितीचे प्रचारक रेल्वे स्थानके, कारखाने आणि बाजारपेठा येथे पोहोचले. चहा कसा करावा हे दाखविणे, कप फुकट वा नाममात्र दरात देणे, स्थानकांवर पाट्या लावणे असे मार्ग वापरले गेले. आज ज्या पेयाशिवाय महाविद्यालयाच्या कट्ट्याची कल्पनाही होत नाही, ते पेय सामान्य हिंदी माणसाच्या दिनक्रमात शिरले ते अशा पद्धतशीर प्रयत्नांनी. आधी फुकट, मग सवय, मग विक्री ही रीत मोबाइलच्या काळात जन्मलेली नाही.

६/
या प्रवाहाला विरोध करणारा विचार महाराष्ट्रात फार लवकर जन्मला. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात लिहिलेल्या शतपत्रांत देशी मालाच्या वापराचा आग्रह धरला. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांनी स्वदेशीचे व्रतच घेतले. १८७७ च्या दिल्ली दरबारास ते सार्वजनिक सभेच्या वतीने गेले, तेव्हा त्यांच्या अंगावर हातसुताच्या खादीचा पोशाख होता. जरतारी वस्त्रांच्या त्या मेळाव्यात साधे कापड हे एक राजकीय विधान ठरले. वस्तू विकत घेणे किंवा न घेणे ही खासगी बाब राहिली नाही.

७/
विद्यार्थी या संघर्षाच्या मध्यभागी आले ते १९०५ मध्ये. बंगालच्या फाळणीविरुद्ध स्वदेशी आणि बहिष्काराची चळवळ पेटली. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. तिच्या संघटनेत फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर अग्रभागी होते. या कृत्याबद्दल त्यांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृहातून काढून टाकण्यात आले. दंडाचा आकडा आज क्षुल्लक वाटेल, परंतु त्या शिक्षेतून एक गोष्ट स्पष्ट झाली. विद्यार्थी कोणते कापड वापरतो, याची दखल महाविद्यालयाच्या चालकांना घ्यावी लागली होती.

८/
होळी एका संध्याकाळी संपते. दुसऱ्या दिवशी नेसायचे काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडाने शोधले. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा, अशी ती कल्पना. या निधीतून १९०८ साली तळेगाव येथे काच कारखाना सुरू झाला. ‘विदेशी घेऊ नका’ असे सांगणे सोपे, ‘हे घ्या, हे आपण केले’ असे म्हणता येणे अवघड. बहिष्काराची चळवळ उत्पादनापर्यंत पोहोचली की तिला बळ येते. ती केवळ उपदेशावर थांबली की थकते. तरुणांना काटकसरीचे धडे देणाऱ्यांनी हा फरक आजही ध्यानात घ्यावा असा आहे.

९/
धर्माबाद मात्र ब्रिटिश मुलखात नव्हते. ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे स्वतंत्र चलन होते. त्याला हाली सिक्का म्हणत, आणि साधारणपणे सात हाली रुपयांना सहा कलदार म्हणजे ब्रिटिश रुपये मिळत. सीमेवर करोडगिरीची नाकी होती. संस्थानाचे स्वतःचे उद्योगही उभे राहिले. नांदेडची उस्मानशाही गिरणी, १९३० चा हैदराबादचा वझीर सुलतान तंबाखू कारखाना व त्याची चारमिनार सिगारेट, १९३७ चा गोदावरीपलीकडील बोधनचा निजाम साखर कारखाना ही त्यांतील ठळक नावे. साखर, सिगारेट आणि गिरणीचे कापड अशा नव्या सवयींच्या वस्तू आता धर्माबादपासून एका दिवसाच्या अंतरात तयार होत होत्या.

१०/
येथे एक पेच होता. पुण्यात विदेशी कापड जाळले की रोख इंग्रजांकडे आहे, हे कोणालाही समजे. हैदराबाद संस्थानात सत्ता देशी संस्थानिकाची आणि गिरणीही संस्थानातली. मग खादीचा अर्थ काय? तो अर्थ शाळांनी घडविला. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय या ठिकाणी स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारखे शिक्षक मुलांबरोबर राहत, त्यांच्यासारखेच जगत. जेथे सभा घेणे, संघटना काढणे यांवर निर्बंध होते, तेथे खादी घातलेला मुलगा हा चालता-बोलता जाहीरनामा होता. वस्त्र हेच तेथे व्यासपीठ झाले.

११/
नोव्हेंबर १९३८ मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली. विद्यार्थ्यांनी बंदी मोडली. आंदोलन संस्थानातील इतर महाविद्यालयांत पसरले आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी झाली. त्या काळात पदवी म्हणजे नोकरी, पगार आणि सुखवस्तू जीवनाचा परवाना. संस्थानात शिक्षणाची वाट इतकी अरुंद होती की, ती सोडणे म्हणजे घराण्याची स्वप्ने सोडणे. तरीही मुलांनी ती सोडली. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला आणि अनेकांचे शिक्षण वाचले.

१२/
या आंदोलनात वरंगळ भागातील एक मुलगा होता. त्यालाही महाविद्यालय सोडावे लागले. पुढचे शिक्षण पुणे आणि नागपूर येथे झाले. त्याने मराठी इतकी आत्मसात केली की, हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीचा तेलुगूत अनुवाद केला. १९४७-४८ मध्ये निजामविरोधी लढ्याच्या चांदा येथील सीमाछावणीत तो कार्यकर्ता होता. त्याचे नाव पामुलपर्ती व्यंकट नरसिंह राव. हे नाव लक्षात ठेवावे. कथा त्याच्यापाशी पुन्हा येणार आहे.

१३/
पण १९३८ च्या त्याच हिवाळ्यात मराठवाड्यात आणखी एक घटना घडली. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळील मकरणपूर येथे दलितांची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे बोलले. वस्त्रांकडे पाहण्याची या चळवळीची दृष्टी वेगळी होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले होते की, जात ओळखू यावी अशा पद्धतीने लुगडे नेसणे सोडा, अस्पृश्यतेची खूण ठरलेले जड दागिने टाका, स्वच्छ राहा. ज्या समाजाला चांगले कापड अंगावर घेण्यास मज्जाव होता, त्याच्यासाठी नीटनेटका पोशाख ही चैन नव्हती. ती माणूसपणाची मागणी होती.

१४/
येथे इतिहास वाचणाऱ्याने थांबावे. एक तरुण भारी कापड टाकून जाडीभरडी खादी घेतो, दुसरा चिंधी टाकून इस्त्रीचा सदरा घालतो. बाहेरून पाहता दोघांच्या दिशा उलट आहेत. मुळाशी दोघेही एकच गोष्ट करतात. आपल्या अंगावर काय असावे हे सत्ता, बाजार किंवा जात ठरवणार नाही, मी ठरवीन, असे दोघेही म्हणतात. त्याग त्यालाच करता येतो, ज्याच्यापाशी आधी काही असते. म्हणून उपभोगावरची सरसकट टीका नेहमी तपासून घ्यावी. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याचे नवे बूट आणि तिसऱ्या पिढीतील विद्यार्थ्याचा दहावा जोड यांचा अर्थ एक नसतो.

१५/
लढ्याची झळ धर्माबाद परिसराला थेट बसली. २९ ऑक्टोबर १९४६ रोजी स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची बिलोली भागात अर्जापूरजवळ हत्या झाली. धर्माबादेतील शाळा आज त्यांचे नाव धारण करते. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरखेड छावणीतील तरुणांनी शेजारच्या उमरी येथील बँकेवर छापा घातला आणि लक्षावधी रुपये लढ्यासाठी नेले. विशी-पंचविशीतील त्या तरुणांच्या हाती आयुष्यभर पुरेल एवढी रक्कम होती. ती चळवळीच्या नेतृत्वाकडे सुपूर्द झाली. हातात आलेला पैसा आपला नाही, हे ओळखणे हीसुद्धा एक शिकवण होती, आणि ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेली नव्हती.

१६/
१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. धर्माबाद मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात राहिले. कालपर्यंत जो एकच मुलूख होता, त्यात सीमा उभी राहिली. ग्राहक आणि व्यापारी यांनी ती फारशी मानली नाही. मिरची, कापूस, कापड, विवाहाचे बस्ते आणि सिनेमाचे वेड मराठी-तेलुगू अशा दोन्ही भाषांतून ये-जा करीत राहिले. धर्माबादच्या तरुणाला फॅशन मुंबईकडूनही येई आणि हैदराबादकडूनही.

१७/
१९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. हेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती होती. तिच्या रकमेतून पुस्तक घ्यावे, घरी पाठवावे की एखादा धड सदरा शिवावा, असा हिशेब विद्यार्थ्याला पहिल्यांदाच स्वतः मांडावा लागला. सायकल, फाउंटन पेन, मनगटी घड्याळ या त्या पिढीच्या मोठ्या वस्तू. अमेरिकेत याच सुमारास किशोरवय ही स्वतंत्र बाजारपेठ ठरली होती. ‘सेव्हंटीन’ हे मुलींचे मासिक १९४४ मध्येच निघाले होते. मराठवाड्यातील विद्यार्थी अजून कोणाच्या विक्रीयादीत नव्हता. त्याच्याकडे खिसाच नव्हता.

१८/
म्हणून १९५० ते १९८० या काळातील साधेपणाला निव्वळ ध्येयवाद म्हणता येत नाही. शिधापत्रिकेच्या रांगा होत्या, स्कूटर आणि दूरध्वनीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा होती. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला. १९७४ मध्ये येथील विद्यार्थी रस्त्यावर उतरले ते नोकऱ्या आणि विकासातील वाटा मागण्यासाठी. त्याच १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत स्थापन केली. टंचाई, भेसळ आणि साठेबाजी यांनी गांजलेल्या माणसाला तिने संघटनेची वाट दाखविली. या चळवळीच्या रेट्यानंतर १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तक्रार मांडण्याचा हक्क मिळाला. ‘घेऊ नका’ या जुन्या घोषणेला ‘घ्या, पण हिशेब मागा’ ही जोड मिळाली.

१९/
आता पुन्हा ते नाव. २१ जून १९९१ रोजी पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान झाले. देशाकडे जेमतेम काही आठवडे पुरेल एवढेच परकीय चलन होते. २४ जुलै १९९१ रोजी अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला आणि परवानाराज्याचे पाश सैल होऊ लागले. ‘वंदे मातरम्’साठी १९३८ मध्ये महाविद्यालयाला मुकलेला विद्यार्थी त्रेपन्न वर्षांनी परकीय भांडवलाला दार उघडत होता. यात विसंगती पाहणे सोपे आहे. पण त्या पिढीने लढा दिला तो निवडीचा हक्क मिळावा म्हणून, आणि निवडीला वाव देणाऱ्या अर्थव्यवस्थेकडे वळणे तिला विश्वासघात वाटला नाही. तरीही निवडणाऱ्याला भुरळ कोण घालणार, हा प्रश्न त्या अर्थसंकल्पाच्या कक्षेबाहेरच राहिला.

२०/
पुढची दोन-तीन वर्षे धर्माबादसारख्या गावांसाठी फार वेगाची ठरली. ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाला आणि केबलची तार गल्लोगल्ली पोहोचू लागली. १९७७ मध्ये देश सोडून गेलेले कोकाकोला १९९३ च्या ऑक्टोबरात परतले. त्याच्या आधीच्या महिन्यात, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, लातूर–उस्मानाबाद भागात भूकंपाने हजारो माणसे गाडली. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. ढिगारे, विद्यापीठ आणि शीतपेयाची जाहिरात हे सारे एकाच प्रदेशात एकाच पाठोपाठ आले. मुंबईला जे बदल पचवायला दोन-तीन पिढ्या मिळाल्या, ते मराठवाड्यातील तरुणासमोर एकदम उभे ठाकले.

२१/
परंतु या भागातील सर्वांत मोठी खरेदी शीतपेयाची किंवा जीन्सची झालीच नाही. ती शिक्षणाची झाली. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांनी नियमित सराव, वारंवार चाचण्या आणि शिक्षकांचे अपार कष्ट यांच्या बळावर ग्रामीण मुलांना गुणवत्ता यादीत नेले. हाच ‘लातूर पॅटर्न’. मुळात तो शहरी मक्तेदारीला दिलेला आत्मविश्वासपूर्ण जबाब होता. त्याच्या यशाभोवती पुढे बाजार उभा राहिला. लातूर आणि नांदेड ही शिकवण्यांची, खोल्यांची, खाणावळींची आणि फलकांची शहरे झाली. चौकाचौकांत यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे झळकू लागली. विद्यार्थी आता नुसता ग्राहक राहिला नाही. निकाल लागताच तो जाहिरातही झाला.

२२/
व्हेब्लेनचा भेद येथे नेमका लागू पडतो. शिकवणीचे शुल्क ही गरज की प्रतिष्ठा? कोरडवाहू शेतकरी जमिनीचा तुकडा विकून मुलाला शहरात पाठवतो, तेव्हा तो ज्ञान विकत घेतो, आशा विकत घेतो की शेजाऱ्याच्या बरोबरीचे स्थान? बहुधा तिन्ही. कापड आवडले नाही तर परत करता येते. वाया गेलेली दोन वर्षे परत करता येत नाहीत, आणि अपयशाचा दोष मात्र विक्रेत्याकडे न जाता मुलाच्या माथी बसतो. उपभोगसंस्कृतीचा तरुणांवरील सर्वांत खोल परिणाम वस्तूंच्या ढिगात शोधू नये. आपली किंमत आपल्या खरेदीवर आणि निकालावर ठरते, ही भावना मनात घर करते, तेथे तो सापडतो.

२३/
सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली. प्रारंभी इंटरनेट फुकट, नंतर स्वस्त. त्याच वर्षी यूपीआय आले. दुकान स्थानकाशेजारून उठून तळहातावर आले आणि रुपयाला स्पर्शही उरला नाही. चहाच्या प्रचारकाला फलाटावर उभ्या असलेल्या माणसाचे नाव ठाऊक नव्हते. आजच्या जाहिरातीला तरुणाचे वय, गाव, आवड, जागरणाची वेळ सारे ठाऊक असते. जुन्या बाजारात निदान एवढे कळे की, आपण बाजारात आहोत. आता मित्राचे छायाचित्र, विनोद, बातमी आणि विक्री एकाच प्रवाहात वाहतात. बाजार कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हेच ओळखू येत नाही.

२४/
कायद्याने मागोमाग धाव घेतली आहे. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आले. जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे निघाली. लहान मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींवर त्यांत बंधने आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये याच प्राधिकरणाने शिकवणी वर्गांच्या जाहिरातींसाठी स्वतंत्र तत्त्वे जाहीर केली. निवडीची खोटी हमी देता येणार नाही, यशस्वी विद्यार्थ्याने नेमका कोणता अभ्यासक्रम घेतला हे सांगावे लागेल, आणि निवड झाल्यावर त्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचे छायाचित्र वापरता येणार नाही. लातूर–नांदेडच्या चौकांतील फलकांकडे पाहताना हे नियम प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवेत.

२५/
एक शेवटचे दृश्य नांदेडचे. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती ही खादीचे राष्ट्रध्वज तयार करणाऱ्या देशातील मोजक्या संस्थांपैकी एक. हाताने काढलेले सूत, हाताने विणलेले कापड आणि मोजून-मापून शिवलेला ध्वज ही तेथील रीत. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत बदल झाला आणि यंत्रावर बनलेल्या पॉलिस्टर ध्वजालाही मान्यता मिळाली. ध्वज स्वस्त झाला, घरोघरी पोहोचला. त्याच वेळी ज्या कापडासाठी एका पिढीने पदव्या सोडल्या, त्या कापडाला त्याच ध्वजाच्या बाजारात स्पर्धा करावी लागली. यात खलनायक कोणी नाही. स्वस्ताई हा गरिबाचा हक्क आहे आणि कारागिराचे पोट हाही हक्कच आहे. दोन हक्क समोरासमोर आले की ग्राहकाचा निर्णय राजकीय होतो, त्याला ते कळो वा न कळो.

२६/
धर्माबादच्या स्थानकावर आजही गाड्या थांबतात. कोणी नांदेडच्या शिकवणीला निघालेला असतो, कोणी हैदराबादला कामाला. बहुतेकांच्या हातात हप्त्यावर घेतलेला किंवा थोरल्या भावाकडून आलेला मोबाइल असतो. याच रुळांवर, याच वयात, कोणी खादी घातली म्हणून महाविद्यालयाबाहेर उभा राहिला. कोणी प्रथमच इस्त्रीचा सदरा घालून महाविद्यालयाच्या आत गेला. दोघांपाशीही आजच्या मानाने फार थोड्या वस्तू होत्या. पण कोणती वस्तू का घ्यायची आणि कोणती का नाकारायची, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या स्वतःच्या शब्दांत तयार होते. या इतिहासातून पुढच्या पिढीकडे वारसा म्हणून काही येत असेल, तर ते हे उत्तर शोधण्याचे सामर्थ्य. ते कोणत्याही दुकानात मिळत नाही, आणि हप्त्यावर तर मुळीच नाही.